‘तापमान’ हा शब्द आधी खोड

अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. गार्नेट या खनिजाच्या रासायनिक आकड्यांवर प्रधान घटक विश्लेषण (अनेक आकडे मोजक्या अक्षांवर आणायची रीत) केलंस, दोन सुरेख पुंजके निघाले आणि पहिल्या अक्षाशेजारी ‘तापमान’ असं लिहून टाकलंस. मीही तुझ्या वयात हेच केलं होतं, म्हणून रागावत नाही.

नमुने सौसर पट्ट्यातले, नागपूर-भंडाऱ्याकडचे आहेत ना? मग त्यात गोंडाइट हा खडक असणारच: क्वार्ट्झ आणि स्पेसार्टीन, म्हणजे मँगनीजचं गार्नेट. गोंड लोकांवरून हे नाव भूवैज्ञानिक फर्मर यांनी दिलं. मँगनीज भरपूर असेल तर गार्नेट कमी तापमानालाही तयार होतं. तेव्हा तुझा पहिला अक्ष खडकाला किती आच लागली ते सांगतोय, की ज्या गाळाचा तो खडक झाला त्यात मुळात मँगनीज किती होतं ते? नुसत्या आलेखावरून कळणार नाही. प्रत्येक बिंदूला तो कुठल्या उघड्या खडकातून आला त्याप्रमाणे रंग दे. एकेका खडकाचा रंग वेगळ्या पुंजक्यात पडला, तर आधी संशय मूळ गाळावर घे.

दुसरी खोच गणिताची. गार्नेटच्या सूत्रात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि मँगनीज मिळून तीनच अणू मावतात. एका भाकरीचे चार वाटेकरी. एकाने जास्त घेतलं की बाकीच्यांचं कमी होणारच. या सक्तीच्या ऋण सहसंबंधाला तू अभिक्रिया समजतोस की काय, अशी भीती वाटते. अशा फसव्या सहसंबंधाचा इशारा संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १८९७ मध्येच दिला होता. त्यावर लॉग-गुणोत्तरांचा, म्हणजे वाट्यांऐवजी त्यांच्या गुणोत्तरांचे लॉग घेण्याचा मार्ग संख्याशास्त्रज्ञ एचिसनने १९८०च्या दशकात मांडला. तो वापर. फक्त मायक्रोप्रोबला (कणातल्या एकेका बिंदूचं रसायन मोजणाऱ्या यंत्राला) न दिसलेलं मूल्य शून्य धरू नकोस, शून्याचा लॉग निघत नाही.

आणि एका कणातले साठ बिंदू म्हणजे साठ नमुने नव्हेत. वाढताना गार्नेट आधी मँगनीज ओढून घेतं, म्हणून गाभ्यात ते जास्त आणि कडेला कमी. तुझा एक पुंजका बहुधा गाभ्यांचाच असावा.

तापमान हवंच असेल तर शेजारच्या अभ्रकी शिस्ट खडकातल्या गार्नेट आणि बायोटाइट (काळं अभ्रक) या जोडीवरून काढ. त्या दोघांतल्या लोह-मॅग्नेशियमच्या वाटणीची ती मोजपट्टी जास्त मँगनीज असलं की चुकते, म्हणून गोंडाइटवर लावू नकोस.

पुढच्या खेपेला आलेखासोबत खडकाच्या पातळ छेदाचे (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या कापाचे) फोटोही पाठव, त्यावर बिंदूंचे क्रमांक टाकून.