खाडी, उधाण आणि चूल

विचारणा अशी आहे: ‘उन्हाळ्यात ड्रेक्स एस्टेरोच्या नदीमुखात हार्बर सील स्थलांतर करून येतात’ हे भाषांतर बरोबर आहे का?

नाही. ‘स्थलांतर’ हा शब्द हल्ली हलत्या प्रत्येक प्राण्याला चिकटवतात. हे सील (समुद्रातले केसाळ सस्तन प्राणी) बहुतांशी तिथलेच, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेयेसच्या आसपासचे. मार्च ते जून माद्या वाळूच्या पट्ट्यांवर वितात. (पिलांना त्रास नको म्हणून १ मार्च ते ३० जून तिथे होड्याही बंद असतात.) मग तिथल्या ऐन उन्हाळ्यात जुने केस झडून नवे येतात. त्याला कातडी उबदार लागते, म्हणून सील तासन्‌तास वाळूवर पडून असतात. हिवाळ्यात त्यांचा जास्त वेळ पाण्यात जातो. आणि मोजणारा मोजतो ते ओहोटीला उघड्यावर दिसणारे सील. आकडा उतरला म्हणजे सील परगावी गेले असं नव्हे. आणि हो, ‘कात टाकतात’ही नको. कात म्हणजे ‘कृत्ति’, कातडं. यांचे केस झडतात.

पण वाक्यातला खरा गुन्हेगार ‘नदीमुख’. परिभाषा घडवणाऱ्यांना प्रत्येक ‘एस्चुअरी’त (भरतीचं पाणी आत शिरतं अशा खाडीत) नदीचं तोंड दिसतं. ड्रेक्स एस्टेरोत मोठी नदी येतच नाही, लहानसहान ओढे तेवढे. मूळ शब्दातही नदी नाही. इंग्रजी ‘एस्चुअरी’ आणि स्पॅनिश ‘एस्टेरो’ (खाडी) दोन्ही लॅटिन ‘ऐस्तुआरिउम’वरून, तो ‘ऐस्तुस’वरून. ऐस्तुस म्हणजे धग, उकळी, आणि म्हणून भरतीचं उसळतं पाणी! त्याचाच भाऊ ‘ऐस्तास’, उन्हाळा. आणि या सगळ्यांचं मूळ तेच, ज्यातून आपल्याकडे संस्कृतात ‘इंध्’ (पेटणे) धातू आला. म्हणजे एस्चुअरी आणि गॅस सिलिंडरमधलं इंधन एकाच घराण्यातले.

आता माझा लाडका तर्क. अमरकोशात चुलीला ‘उद्धान’ असा शब्द आहे. आपलं पुनव-अवसेचं उधाण त्याच चुलीवरून उतू आलेलं असावं. ‘उद्धार’चा ‘उधार’ झाला, ‘स्थान’चं ‘ठाण’ झालं, मग ‘उद्धान’चं ‘उधाण’ व्हायला कोणाची हरकत? कोणी ‘उद्धावन’ पुढे करेल, पाणी धावत वर येतं म्हणून. करा खुशाल, पण मधला ‘व’ कुठे बुडाला तेही सांगा. लॅटिनवाल्यांना भरतीत उकळी दिसली, तर कोकणातल्या कोळ्याला का दिसू नये? दूध उतू जाताना कधी पाहिलं नाही का कोणी?

तर वाक्य: ‘वसंतापासून ऐन उन्हाळ्यापर्यंत ड्रेक्स एस्टेरो खाडीत वाळूवर पहुडलेले सील जास्त दिसतात.’ खरं तर ‘खाडी’ही खोडा. एस्टेरोत ती आलीच, विंध्याचलात पर्वत आला तशी.