सिद्धेश्वर तलावाच्या गाळात ८०० वर्षांचा पाऊस सापडेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव सिद्धरामेश्वरांच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकातला. तळाशी तेव्हापासूनचा गाळ साठलेला असणार. मग पीव्हीसी पाइप ठोकून तो काढला, तर चौदाव्या शतकाच्या अखेरच्या दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १९७२ च्या दुष्काळापर्यंतचा पाऊस वर्षावार वाचता येईल का, आणि एमएस्सीच्या प्रकल्पाला तेवढं पुरेल का?

प्रकल्पाला पुरेल, पण पाऊस वाचता येणार नाही. निदान त्या तलावात तरी नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पस्तीस वर्षांपूर्वी मीही याच समजुतीत होतो.

गाळातून जुनं हवामान कसं काढतात याचं आपल्या राज्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण बुलढाण्यातलं लोणार. उल्केच्या आघातानं बसाल्टात पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. पावसाचं आणि काठच्या झऱ्यांचं पाणी आत येतं, पण बाहेर पडायला ओढा नाही की सांडवा नाही. जे जायचं ते वाफ होऊनच जातं. त्यामुळे पाऊस कमी झाला की पाणी थेट घट्ट आणि खारट होतं, आणि त्याची नोंद तळाशी बसते. २००८ मध्ये या तळ्यातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाभा, म्हणजे गाळाची उभी कांडी, काढला. त्या दहा मीटरांत जवळपास ११,००० वर्षं आहेत. भागाकार करून बघा, वर्षाला एक मिलिमीटरही पडत नाही. भाकरीचा पापुद्रा त्याहून जाड असतो.

त्या गाभ्यात पाऊस दीर्घकाळ कमजोर राहिल्याचे दोन मोठे काळ दिसले. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्या थरांमध्ये गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचा हा पाणीदार कार्बोनेट पाणी खूप आटल्याशिवाय बनत नाही. मला या पुराव्याचं फार कौतुक आहे, कारण त्यात फिरवाफिरव नाही. स्फटिक सापडला, म्हणजे पाणी आटलं होतं. (२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेही पाणी आटून क्षार वाढल्यानं. रंग होता क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा. टीव्हीवर मात्र चमत्कार चालला होता.)

दुसरी पद्धत शंखांची. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडतो, जड मागे राहतो. त्याच पाण्यात वाढणाऱ्या गोगलगायीच्या शंखात तो जडपणा उतरतो. हरियाणातल्या कोटला डहर या जुन्या तळ्यातले शंख असेच तपासले, आणि सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी पावसाळा एकाएकी ढासळल्याचं निघालं. सिंधू संस्कृतीची शहरं ओस पडू लागली तो साधारण हाच काळ.

आता सिद्धेश्वर तलावाकडे या. तिथं तीन अडचणी आहेत, आणि तिन्ही आपल्या सोलापूरच्याच.

पहिली अडचण माणसाची. गावातला तलाव म्हणजे वापरातली वस्तू. आपल्याकडे तलाव आटला की गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ ची, पण कल्पना पणजोबांची. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सोनं, आपल्या दृष्टीनं वहीची पानं फाडून नेलेली. किती पानं गेली आणि मधली गेली की वरची, हे सांगायला आज कुणी नाही. त्यात विसर्जनाची शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम हे खनिज पाणी आटलं तरी बनतं आणि प्लास्टर भिजलं तरी. म्हणजे वरच्या थरात ते सापडलं, तर तो दुष्काळ समजायचा की गणपती?

दुसरी अडचण काळ्या मातीची, आणि ही मी स्वतः भोगलेली आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात, उजनी धरणाचं पाणी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेलं होतं तेव्हा, आमच्या गावाजवळचा पाझर तलाव खडखडीत आटला. बहात्तरच्या दुष्काळी कामातला तलाव, लोकांनी पाट्या वाहून बांधलेला. मला वाटलं, संधी आली. खड्डा घेतला, भिंत खुरप्यानं साफ केली, थर छान दिसत होते. गुडघ्याखाली, म्हणजे हिशोबानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा गाळ असायला हवा तिथं, मिळाली गुटख्याची पुडी. चकचकीत, अक्षरं वाचता येणारी. बरोबरचा पोरगा म्हणाला, "सर, तेव्हा हा ब्रँड नव्हता." बरोबर होतं त्याचं. पुडी वरून भेगेतून खाली गेली होती.

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की फाटते, हे शाळेत शिकतो, पण तलावाच्या तळाशी त्याचा अर्थ काय ते लक्षात येत नाही. मे महिन्यात हात आत जाईल अशा भेगा पडतात. वरचा भुसभुशीत गाळ, शेणाचा चुरा, काटक्या, सगळं त्यांत पडतं. पाऊस आला की भेगा मिटतात आणि आतला ऐवज आतच राहतो. असं दर दोन-चार वर्षांनी झालं तर थर कसले, मिसळणाचा डबाच. म्हणून गाभा काढायचा तर कायम पाणी राहणाऱ्या, तळ कधीच उघडा न पडलेल्या ठिकाणी. सोलापूर जिल्ह्यात असं ठिकाण शोधणं म्हणजे पर्जन्यछायेत धबधबा शोधणं.

तिसरी अडचण सगळ्यात गमतीची. जुना पाऊस ओळखायला गाळातल्या सेंद्रिय भागातला कार्बन बघतात. झाडंझुडपं, तूर, हरभरा, गहू एका पद्धतीनं हवेतला कार्बन घेतात. उष्ण, कोरड्या माळावरची बहुतेक गवतं दुसऱ्या पद्धतीनं घेतात, आणि त्यांच्यात जड कार्बन-१३ जरा जास्त उतरतो. म्हणून माणसाचा फारसा हात न लागलेल्या तळ्यात कार्बन जड होत गेला, की झाडी हटून कोरडं गवताळ रान आलं असा अंदाज बांधता येतो. आता आपल्याकडे काय होतं बघा. ज्वारी दुसऱ्या पद्धतीची. ऊसही दुसऱ्याच पद्धतीचा. म्हणजे मंगळवेढ्याची ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी आणि उजनीच्या कालव्यावर बारा महिने पाणी पिणारा ऊस, या दोघांची सही गाळात जवळपास सारखीच. एक कोरडवाहू, एक बागायती, आणि यंत्र म्हणणार दोन्ही 'कोरडं गवताळ रान'. माझ्या मते दख्खनच्या वस्तीजवळच्या तळ्यांत हा पुरावा एकट्यानं कधीच वापरू नये. परागकण सोबत हवेतच, आणि त्यातही गवतांचे परागकण एकमेकांसारखे दिसतात. लागवडीच्या तृणधान्यांचे आकारानं मोठे असतात, एवढाच काय तो आधार.

वयाचा प्रश्न वेगळाच. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात, त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचं. अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७ चं शिखर १९६३ च्या आसपासचं, ती एक पक्की खूण. त्याआधीचं वय काढायला कार्बन-१४. पण आपल्या विहिरीचं पाणी हंड्यावर पांढरा थर धरतं ना, त्या चुनखडीत जुना, 'मेलेला', म्हणजे कार्बन-१४ संपलेला कार्बन असतो. पाण्यातले शेवाळ आणि शंख तो घेतात आणि शेकडो वर्षांनी म्हातारे दिसतात. त्यासाठी काठावरच्या झाडाचं पान, बी नाहीतर काटकी शोधावी लागते.

आणि सगळं जमलं तरी दुर्गादेवीचा दुष्काळ नावानिशी सापडणार नाही. परंपरा त्याला १३९६ ते १४०७ ही बारा वर्षं देते. कार्बन-१४ मधली चूक कित्येकदा तेवढीच किंवा त्याहून मोठी असते. त्या काळासाठी गुहेतले चुनखडीचे स्तंभ जास्त कामाचे. बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या स्तंभावरून चौदाव्या-पंधराव्या शतकात पावसाळा वारंवार कमजोर पडल्याचं निघालं आहे. आपल्या दख्खन ट्रॅपमध्ये, म्हणजे या बसाल्टात, तशा गुहा नाहीत, हे आपलं नशीब.

मग प्रकल्प काय करायचा? पाऊस सोडा, धूप धरा. आपला गाळ पाऊस वाईट सांगतो, पण जमीन किती वाहून गेली ते उत्तम सांगतो. बहात्तरच्या कामातला एखादा पाझर तलाव घ्या. त्याचा फायदा असा की तळाचं वय फुकट मिळतं. गाळ संपून मूळचा मुरूम किंवा रानाची माती लागली, की तिथं १९७२-७३. मधली थोडी ढवळाढवळ झाली तरी एकूण जाडी खोटं बोलत नाही, फक्त तिथून गाळ उपसलेला नाही याची गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांकडून खात्री करा. आमच्या तलावात गाळ कमरेइतका भरला होता, म्हणजे वर्षाला ढोबळ दोन सेंटीमीटर. लोणारशी ताडून बघा. जुना काळ हवा असेल तर हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे, १८७१ चा, म्हणजे हवामान खात्याहूनही चार वर्षांनी मोठा. पण तिथं जलसंपदाची परवानगी लागेल आणि गाळपेऱ्याच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरल्या जाणाऱ्या, जमिनी नांगरलेल्या असतात, ते आधी फिरून बघा. सिद्धेश्वरला किल्ल्याची भिंत लागून आहे, तिथं विनापरवाना पाइप ठोकायला जाऊ नका.

पाइपपेक्षा खड्डा बरा. पाइप ठोकला की गाळ आत दबतो. दीड मीटर ठोकला तर एक मीटरच भरतो आणि सगळी खोली चुकते. ठोकायचाच असेल तर आतल्या आणि बाहेरच्या गाळाची पातळी दर फुटाला टेपनं मोजा. खड्डा छातीपेक्षा खोल नेऊ नका, ओली बाजू ढासळते.

नमुने दोन-दोन सेंटीमीटरचे, आणि खालून वर घेत या. वरून घेतले तर चुरा खालच्या थरांवर पडतो. प्रत्येकाचं कोरडं वजन, मग ५५० अंशांवर भट्टीत जाळून सेंद्रिय भाग, ९५० वर चुनखडी. विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात चुंबकग्राहिता, म्हणजे माती चुंबकाला किती दाद देते ते, मोजायचं यंत्र मिळतं का विचारा. बसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज भरपूर, त्यामुळे उघड्या रानाची माती जोरात वाहून आली की तो आकडा उडी मारतो. ती उडी पर्जन्यमापकाच्या नोंदींशी लावून बघा. मोठी उडी बहुधा दुष्काळाच्या वर्षात नाही, तर दुष्काळानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात दिसेल, कारण तेव्हा रानावर धरून ठेवायला गवत नसतं.

पुड्या, बाटल्यांची बुचं, प्लास्टिक फेकू नका, खोली लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा. थर ढवळले आहेत की नाही ते तेच सांगतील. आणि काम झालं की खड्डा बुजवून या. जूनमध्ये पहिल्या पाण्याबरोबर म्हशी उतरतात.