जिम सुटली, आता पावडर घेऊ की बांगडा?

यावेळी आलेल्या प्रश्नांत प्रोटीन पावडरचेच जास्त होते, म्हणून केसगळती आणि पित्त पुढच्या अंकात बघू.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, वजन ६४ किलो, म्हापशाला राहतो, कामाला वेर्ण्याला जातो. चार महिने झाले जिम लावलीय, आठवड्याचे पाच दिवस जातो. ट्रेनर म्हणतो वर्कआउट झाल्यावर अर्ध्या तासात शेक घेतला नाहीस तर केलेलं सगळं फुकट. दोन किलोचा डबा सहा हजाराला पडतो आणि पगार अठरा हजार. आई म्हणते किडनी जाईल. मासे तर आमच्याकडे रोज असतात. घेऊ की नको?

उत्तर : आधी त्या अर्ध्या तासाचं बोलू, कारण निम्मे डबे त्या अर्ध्या तासाच्या भीतीवरच खपतात. वजनं उचलल्यावर स्नायूंची दुरुस्ती सुरू होते ती काही जिमचं शटर पडलं म्हणून थांबत नाही, ती चांगली २४ तास चालते, नवीन माणसाची तर त्याहून जास्त. २०१३ मधे या वेळेच्या गणितावरचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात दिसलं की दिवसभराचं एकूण प्रोटीन पुरेसं असेल तर ते लगेच घेतलं की दोन तासांनी याने विशेष फरक पडत नाही. सात वाजता जिम सुटली, बस पकडून नऊला घरी येऊन जेवलास, काही फुकट गेलेलं नाही.

आता लागतं किती. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था साध्या निरोगी माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम सांगते, म्हणजे तुला ५३ ग्रॅम. वजनं मारणाऱ्याला जास्त लागतं, किलोमागे १.२ ते १.६ धर, म्हणजे ७७ ते १०२. त्याच्या पुढे खाऊन स्नायू आणखी फुगतात असं २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात तरी दिसलं नाही, त्यामुळे जिममधला कुणी किलोला तीन ग्रॅम सांगत असेल तर मान हलव आणि सोडून दे.

आणि आता ते "मासे रोज असतात". इथेच आपण सगळे फसतो बघ. माझ्याकडे येणारा प्रत्येकजण हे म्हणतो, मग मी विचारते किती, तर म्हणे एक बांगडा. मध्यम बांगड्याचं डोकं-काटा काढून हातात ७० ग्रॅम मांस येतं, त्यात प्रोटीन १३-१४ ग्रॅम. बाकी ताट म्हणजे शिताचा, म्हणजे भाताचा, डोंगर आणि वर हुमण (माशाची कडी), आणि हुमणात खोबरं भरपूर पण प्रोटीन नावाला. मी तुझ्या दिवसाचा अंदाज मांडून बघितला : सकाळी दोन पाव आणि पातळ भाजी, ११-१२. दुपारी कँटीनचं शीत-कडी आणि तो एक बांगडा, २३-२४. संध्याकाळी चहाबरोबर मिरची भजी, ३. रात्री तीन चपात्या, डाळ, भाजी, १६. झाले ५३-५५. म्हणजे नुसतं खुर्चीवर बसणाऱ्याला बरोबर पुरेल एवढं, आणि तू तर पाच दिवस वजनं मारतोस. वर सोमवारी मासे नाहीत, श्रावणात नाहीत, चवथीला नाहीत, आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद म्हणजे बांगड्याचा भाव विचारायची सोय नाही.

म्हणजे ट्रेनर अगदीच चुकीचं बोलत नाहीये, तुला २५-३० ग्रॅम कमी पडतंय हे खरं. पण ते सहा हजाराच्या डब्यातूनच यायला पाहिजे असं कुणी सांगितलं? सकाळच्या पाव-भाजीबरोबर दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम), जिमला जाताना खिशात दोन मुठी भाजलेले चणे, जत्रेत खाज्याच्या शेजारी मिळतात तेच, ५० ग्रॅमला १० तरी मिळतात, आणि रात्री एक पेलाभर दूध (८ ग्रॅम). झाले ३०. आणि भज्यांचे पैसे वाचले ते वेगळेच. पावडरच्या एका स्कूपमधे (डब्यातल्या मापाच्या चमच्यात) साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं आणि तुझ्या हिशोबाने तो शंभराला पडतो, अंड्या-चण्यांचं गणित तू स्वतः मांड.

पावडर विष नाही हेही सांगते, नाहीतर उद्या आई माझं नाव पुढे करेल. डब्यावर व्हे लिहिलेलं असतं ते म्हणजे दूध फाडून चीज काढल्यावर खाली उरतं ते पाणी, ते गाळून सुकवलेलं. शिफ्ट अशी की जेवायलाच मिळत नाही, किंवा अंडी चालत नाहीत आणि कडधान्याने पोट फुगतं, अशांना एक स्कूप सोयीचा पडतो. किडनीचं म्हणशील तर निरोगी माणसाची एवढ्या प्रमाणाने किडनी जाते असा ठोस पुरावा नाही. मात्र २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत याच दोन संस्थांनी शरीर कमवायला पावडरी टाळा असंच सांगितलंय, त्यात हाडांचा आणि किडनीचा धोकाही लिहिलाय. मला ती भाषा जरा कडक वाटते, पण आपल्याकडे लोक दिवसाला तीन-तीन स्कूप विनाकारण मारतात ते बघितलं की का लिहिलं असेल तेही कळतं. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा तुझं स्वतःचं बीपी वाढलेलं असेल तर आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ताची तपासणी) तपासून घे.

प्रश्न : वय ५७, डिचोलीला असते. रोज सकाळी पाऊण तास चालते. आमचे हे बोटीवर असतात, येताना प्रोटीनचा मोठा डबा आणलाय, म्हणतात चालून आल्यावर घेत जा. मला आठ वर्षं डायबिटीस आहे. सोमवार-गुरुवार शाकाहारी.

उत्तर : ताई, डबा अजून फोडला नसेल तर राहू दे. नुसतं चालण्याला काही वेगळी पावडर लागत नाही. पण गंमत अशी की तुमच्या वयाला प्रोटीन मात्र तरुणापेक्षा जास्त लागतं, कारण वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरायला सांगतात. आणि आपल्याकडे बायका काय करतात, माशाचा मधला तुकडा मुलांना, आपल्याला शेपटी आणि उरलेली कडी. तो तुकडा आधी स्वतःच्या ताटात घ्या. शाकाहारी वारी आळसांद्याचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, मुगागाठी (मोडाच्या मुगाची), वाटीभर दही. एक मोठी वाटी तोणाक म्हणजे ८-१० ग्रॅम सहज, फक्त खोबऱ्याचा हात जरा आखडा. पावसाळ्यात सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर) चालेल पण मीठ बघून, बीपी असेल तर अगदी चमचाभर.

डायबिटीस आठ वर्षांचा आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचं : क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन), या किडनीच्या दोन तपासण्या वर्षातून एकदा व्हायलाच पाहिजेत. त्यात किडनीवर परिणाम दिसला तर वर सांगितलेलं जास्त प्रोटीनचं गणित तुम्हाला लागू नाही, मग डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि डब्यावर मास गेनर (वजन वाढवायची पावडर) लिहिलेलं नाही ना ते बघा, त्यात प्रोटीनपेक्षा साखर आणि स्टार्च जास्त असतं, माझ्या भाच्याने मला असाच एक डबा प्रेमाने आणून दिला होता, आम्ही त्याचं शेवटी काय केलं ते इथे लिहीत नाही. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, पायातली ताकद राहते.

प्रश्न : जिममधलाच एकजण तीच ब्रँडेड पावडर अर्ध्या किमतीत देतो, बिल नाही. घेऊ का?

उत्तर : नको. बिल असलेल्यांचंच एवढं बरं नाहीये. २०२४ मधे भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या तर सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलवरचा प्रोटीनचा आकडा जुळला नाही. काहीजण स्वस्तातलं ग्लायसिन नाहीतर टॉरिन मिसळतात, तपासणीत नायट्रोजन मोजला जातो त्यामुळे आकडा फुगून दिसतो. घ्यायचीच तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लायसन्स नंबर, बॅच आणि तारीख बघून, पक्क्या बिलावर.

प्रश्न : पावडर ताकातून घेतली तर चालते का? दुधाने पोट बिघडतं.

उत्तर : चालते, गुठळ्या होतील एवढंच. दुधाने पोट बिघडत असेल तर व्हे कॉन्सन्ट्रेटनेही (कमी गाळलेली पावडर) बिघडू शकतं, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) शिल्लक असतो, आयसोलेटमधे (जास्त गाळलेली) तो फार कमी. पण ताक पचतंय ना, मग दही खा की!