तीन बटा चार म्हणजे पाऊण

नातू हिंदी माध्यमात तिसरीत आहे. शाळेत ‘भिन्न’ (अपूर्णांक) सुरू झालंय. तो ‘तीन बटा चार’ म्हणतो, मी ‘पाऊण’ म्हणते. माझ्या मराठीने त्याचा गोंधळ तर होणार नाही? — एक आजी, राजेंद्रनगर, इंदूर

उलट आजी, तुमच्याकडे शाळेपेक्षा चांगलं सामान आहे. ‘तीन बटा चार’ ऐकताना मुलाला दोन सुटे आकडे ऐकू येतात, तीन आणि चार. ‘पाऊण’ ही मात्र एकच वस्तू आहे.

पाव किलो शेवेच्या चार पुड्या ओट्यावर मांडा आणि त्याला पावांत मोजायला लावा: एक पाव, दोन पाव म्हणजे अर्धा, तीन पाव म्हणजे पाऊण, चार पाव म्हणजे एक. तिथे थांबू नका. पाचवी पुडी ठेवली की सव्वा, सहावी ठेवली की दीड. ‘पाच बटा चार’ हे पुढे शाळेत आलं की बिचकण्यासारखं काही उरत नाही, कारण पाच पाव त्याने हाताळलेले असतात. मोजणं तोंडी पक्कं झाल्यावरच ३/४ लिहून दाखवा आणि आकड्यांची कामं वेगळी सांगा. खालचा ४ म्हणजे तुकडा कोणत्या जातीचा (पाव), वरचा ३ म्हणजे तसे किती. शाळेत खालच्याला ‘हर’ म्हणतात, मराठीत ‘छेद’. वरचा दोन्हीकडे ‘अंश’च. आणि ‘भिन्न’ म्हणजे ‘वेगळं’ नव्हे, अपूर्णांक, हेही एकदा सांगून टाका.

दोन ठिकाणी अडेल. पावणेदोन म्हटलं की मुलं पाऊण आणि दोन मिळवून २ ३/४ लिहितात. इथे ‘पावणे’ म्हणजे ‘पाव कमी’. घड्याळावर पावणेदोन दाखवलं, दोनला अजून पंधरा मिनिटं आहेत, की बसतं. दुसरं म्हणजे आपले रोजचे शब्द अर्धा आणि पाव यांच्याभोवतीच फिरतात. तिसऱ्या हिश्शाला बोलण्यात सुटसुटीत शब्द नाही, तिथे हिंदीतला ‘तिहाई’ बिनदिक्कत घ्या.

पोळी कापून कापून शिकवलं, तरी चौथीतली मुलगी १/८ हा १/४ पेक्षा मोठा म्हणते. काय चुकतंय? — एक आई, सुदामानगर, इंदूर

आठ चारापेक्षा मोठे, हे तिला तीन वर्षं शिकवलंय. ती तेच वापरते आहे. पोळीचा दोष एवढाच की ती नेमकी गोल नसते, तिचे सारखे तीन तुकडे मोठ्यांनाही जमत नाहीत, आणि तुलना करायच्या आत तुकडा पोटात जातो. कागदाच्या पट्ट्या घ्या.

ए-फोर कागद २१ सेंमी रुंद असतो. लांबी २४ सेंमीवर कापा आणि ३ सेंमी रुंदीच्या ७ पट्ट्या काढा. २४ मुद्दाम, कारण २, ३, ४, ६, ८ या सगळ्यांनी भाग जातो. एक पट्टी अख्खी ठेवा. बाकीच्यांचे अर्धे (१२ सेंमी), तिहाई (८), पाव (६), सहावे (४) आणि आठवे भाग (३) करा. सातवी पट्टी बिघडलेल्यासाठी, आणि एक बिघडतेच.

अर्धे, पाव, आठवे भाग घडी घालून होतात. घडी घालण्याआधी विचारा, ‘तीनदा दुमडली तर किती भाग?’ बहुतेक मुलं सहा म्हणतात. उलगडल्यावर आठ निघतात, कारण प्रत्येक घडीला भाग दुप्पट होतात. हे तिचं तिलाच मोजू द्या. तिहाईसाठी मोजपट्टीने ८ आणि १६ सेंमीवर खुणा करून दुमडा, अंदाजाने केलेले भाग असमान होतात आणि असमान भागांना तिहाई म्हणताच येत नाही. सहाव्या भागासाठी आधी तिहाई, मग अर्धी घडी.

आता १/८ आणि १/४ चे तुकडे एकाखाली एक ठेवा. ‘जितके जास्त वाटेकरी, तितका वाटा लहान’ हे तिच्या तोंडून येऊ द्या. कृपा करून ‘छेद मोठा तो अपूर्णांक लहान’ असा नियम पाठ करून घेऊ नका. तो फक्त अंश सारखा असताना चालतो. पाठ केलेलं मूल पुढे ३/४ पेक्षा २/३ मोठा ठरवतं, छेद लहान म्हणून. पट्टीवर ते १८ आणि १६ सेंमी आहेत.

शिवाय अख्खं एकच असायला हवं. एकीची पट्टी २४ ची आणि दुसरीची ३० ची असेल, तर दोघींचे ‘अर्धे’ जुळणार नाहीत.

वर्गात १/२ + १/३ = २/५ असं उत्तर हमखास येतं. — प्राथमिक शिक्षिका, इंदूर

फुलीने हे जात नाही. त्याच पट्टीवर १२ सेंमीला ८ सेंमी जोडायला लावा, २० होतात. मग २४ चे २/५ काढा, ९.६. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झालं? मुलं इथे स्वतःच हसतात. लहान वर्गांत ल.सा.वि. (लघुत्तम साधारण विभाज्य) आणू नका. आधी समान छेद, तोही बोलून: दोन आठवे भाग आणि तीन आठवे भाग, किती आठवे भाग? ‘दोन पेरू आणि तीन पेरू’ म्हणावं तसं.

१२ चिंचोक्यांतला पाव भाग मागितला की नातू ४ उचलतो. — एक आजोबा, रामबाग, इंदूर

छेदातला चार त्याने वस्तूंची संख्या समजला, तो खरं म्हणजे हिश्शांची संख्या आहे. चार वाट्या मांडून एकेक चिंचोका वाटायला सांगा. एका वाटीत येतात ते ३, तोच पाव भाग. मग २० घ्या, मग ८. सुरुवातीला १६ टाळा. तिथे पाव भाग नेमका ४ येतो आणि चुकीची रीतही बरोबर ठरते. तिहाईला याच कारणाने ९ नको.

पाण्याच्या पेल्याने अर्धा शिकवला तर चालेल? — एक वाचक, इंदूर

पेला सरळ भिंतीचा असेल तरच. आपले स्टीलचे पेले बहुधा वर रुंद असतात, त्यामुळे निम्म्या उंचीपर्यंतचं पाणी निम्म्याहून कमी भरतं. सारखे दोन पेले घ्या, भरलेल्यातून रिकाम्यात ओता आणि दोन्हीकडे पातळी सारखी झाली की थांबा. पाणी पेल्याच्या मध्याच्या वर दिसेल, आणि ते का, हा प्रश्न मूल विचारेलच.