डेडलिफ्टमध्ये कंबर पुन्हा पुन्हा धरते. वजनं उचलणं कायमचं सोडावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय २७, राहणं जालन्याकडे, घरची शेती. दर तीन-चार महिन्यांनी डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं) नाहीतर स्क्वॉट (वजन घेऊन बैठक) मारताना कंबर धरते, आठ-दहा दिवसांत मोकळी होते, जिम सुरू केली की परत तेच. एमआरआयमध्ये एल४-एल५ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला, बल्ज (फुगवटा) निघाला आणि आता घरचे म्हणतात, बस झालं.

सोडायची गरज नाही, असं माझं मत आहे. मी डॉक्टर नाही. परभणीत जिम चालवतो, तालमीतून आलेला माणूस आहे आणि कंबर धरलेली पोरं वर्षानुवर्षे बघतोय. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरून पोरगं थेट जुन्या वजनावर जातं, बहुतेकांचं इथेच बिनसतं. आपल्या काळ्या रानात पाऊस उघडला म्हणून कोणी लगेच औत घालत नाही. वरून कोरडं दिसलं तरी वाफसा नसेल तर बैल फसतात आणि रानही बिघडतं. कमरेतला आखडलेला स्नायू आठवड्यात सुटतो, पण मणक्यांमधल्या चकतीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिची डागडुजी फार सावकाश चालते. मधल्या काळात वेदना नसते आणि ताकदही परत आलेली नसते.

आधी धोक्याचं सांगतो, कारण त्यात वेळ घालवून चालत नाही. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, चालताना पायातून चप्पल निसटणं म्हणजे पाऊल वर न उचलणं, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री दवाखाना गाठा. तुम्हाला संभाजीनगरचं घाटी, म्हणजे सरकारी रुग्णालय, जवळ आहे. तिकडे बीड-लातूरकडच्यांना अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय आहे. आणि संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर ते जिमचं समजू नका. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मिळ नाही.

उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाची लाथ घ्यायची पद्धत गावाकडे अजून आहे. माया म्हणून कोणी पाय लावला तर ठीक. पण पायात कळ उतरत असेल तर कमरेवर कोणाला उभं राहू देऊ नका, कडकन मोडूनही घेऊ नका. दुखण्याचं इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी बार धरणं तर त्याहून वाईट. थांब म्हणणारी खूणच त्यात झाकली जाते.

आता तो बल्ज. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि तिशीतल्या ४० टक्के लोकांत बल्ज सापडला. म्हणजे रिपोर्टमधला तो शब्द वाचून आयुष्यभर वाकायचं नाही असं ठरवू नका. डॉक्टरांनी व्यायाम बंद सांगितला असेल तर दुखणं ताजं असेपर्यंत ते ऐका. पण कायमचं बंद का, हे त्यांना विचारा आणि फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागून घ्या. वेटलिफ्टर मीराबाई चानू २०१७ मध्ये जगज्जेती झाली, २०१८ मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं आणि त्याच वर्षी कमरेच्या दुखण्यामुळे आशियाई स्पर्धेला मुकली. नंतर टोकियोत तिने एकूण २०२ किलो उचलून रौप्य आणलं.

तुमचं पहिलं काम म्हणजे कोणत्या हालचालीने दुखतं ते शोधणं. वहीत लिहा. पुढे वाकल्यावर, बुटाची नाडी बांधताना, मोटरसायकलवर बसून, शिंकताना कळ येते का? की उभं राहून मागे झुकल्यावर, डोक्यावर वजन नेताना येते? पहिल्या गटातल्या माणसाने पाठ ताणायची म्हणून पायाचे अंगठे धरले तर दोन मिनिटं बरं वाटतं आणि दुपारी जास्त दुखतं. दुसऱ्या गटातल्याने जोर मारले, पालथं पडून छाती उचलली, तर तोच त्रास. म्हणून मोबाइलवर दिसलेला 'कंबरदुखीचे दहा व्यायाम' सगळ्यांना लागू पडत नाही. तुमच्या वर्णनावरून तुम्ही पहिल्या गटातले वाटता, पण खात्री वहीच करेल.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्पर्धेतली २० किलोची प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असते, त्यामुळे जमिनीवर ठेवलेला बार साडेबावीस सेंटीमीटर वर राहतो. सगळी डेडलिफ्ट या उंचीवर बसवलेली आहे. आपल्या तालुक्याच्या जिममध्ये लोखंडी प्लेटा लहान असतात. १० किलोच्या लावल्या की बार पोटरीच्या मध्यावर यायच्या ऐवजी घोट्याकडे जातो. तिथपर्यंत पोचायला उंच माणसाला कंबर गोल करावीच लागते. तो बिचारा यूट्यूब बघून पाठ सरळ ठेवायची धडपड करत असतो आणि दोष त्या उंचीचा असतो. टेप लावून मोजा. कमी भरली तर दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली सारख्या जाडीच्या लाकडी फळ्या घाला. माझ्या जिममध्ये आता याच्याशिवाय नवीन पोराला जमिनीवरून उचलू देत नाही.

पाठ खरंच सरळ राहते का हे बघायला फावड्याचा दांडा पुरतो. पाठीमागे उभा धरा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. मग गुडघे थोडे सैल सोडून कुल्ले मागे नेत वाका. दांडा माकडहाडावरून सुटला की तिथेच थांबा. तुमची आजची मर्यादा तेवढीच. उचलण्याआधी पोट आत ओढू नका. श्वास भरून पोट चारी बाजूंनी ताठ करा. जिममधला कमरेचा पट्टा त्या पोटाला दाबायला आधार देतो. पोट ताठ करताच येत नसेल तर नुसता पट्टा बांधून फायदा नाही.

तिसरी गोष्ट दिवसभराची. रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो आणि वाकल्यावर चकतीवर ताणही जास्त येतो. १९९८ च्या एका अभ्यासात लोकांना उठल्यानंतरचा सुरुवातीचा वेळ वाकणं टाळायला सांगितलं, तर त्यांची जुनी कंबरदुखी कमी झाली. आणि आपलं काय होतं? पहाटे उठायचं, नळ आला म्हणून वाकून हौदातून बादल्या काढायच्या, खड्ड्यांतून गाडी हाणत जिमला जायचं आणि साडेसहाला डेडलिफ्ट. पाणी दुसऱ्या कोणाला भरायला सांगा, निदान तासभर चाला, किंवा डेडलिफ्ट संध्याकाळी घ्या.

सोयाबीनची रास चालू असताना तर पोती उचलून ट्रॉलीत टाकणं, तेही कंबर पिळून, हाच तुमचा व्यायाम. मोंढ्यातले जुने हमाल बघा, पोतं पाठीवर घेऊन अख्खं अंग फिरवतात, नुसती कंबर पिळत नाहीत. त्या पंधरवड्यात जिममध्ये पाठीचं जड काम ठेवू नका. फवारणीचा पंप दिवसभर पाठीवर असेल त्या दिवशीही नाही.

परत यायचं कसं, तर आधी रोज चालणं आणि कॅनडातले पाठीचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल सांगतात ते तीन व्यायाम. एक, उताणं पडून, एक गुडघा वाकवून, तळहात कमरेखाली ठेवून डोकं-खांदे जेमतेम उचलणं. दोन, कुशीवरचा प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपराच्या आधाराने अंग सरळ उचलून धरणं. तीन, हात-गुडघ्यांवर येऊन उलट बाजूचे हात-पाय लांब करणं. प्रत्येक वेळी १० सेकंद धरा आणि पुढच्या सेटला आवर्तनं कमी करा. हे सोसू लागलं की छातीशी डंबेल धरून स्क्वॉट, मग फळ्यांवरून डेडलिफ्ट, जुन्या वजनाच्या निम्म्यापासून. वजन वाढवायचं की नाही हे दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवेल, कारण जिममध्ये अंग गरम असतं आणि सगळं चांगलंच वाटतं. सकाळी कंबर जड वाटली तर मागच्या वजनावर या. वजन, सेट आणि उंची एकाच आठवड्यात बदलू नका. यंदा मॅक्स (एकदाच उचलता येईल असं सगळ्यात जास्त वजन) काढायचा विचारही मनात आणू नका, मित्र कितीही ओरडले तरी.

उत्तराखाली एवढं लिहा: पुढे वाकल्यावर जास्त दुखतं की मागे, कळ पायात उतरते का, आणि तुमच्या जिममध्ये १० किलोच्या प्लेटा लावल्यावर बार जमिनीपासून किती वर राहतो. मग फळ्या किती जाडीच्या लागतील आणि सुरुवात कुठून करायची ते नेमकं सांगतो.