मराठी हिप-हॉपमध्ये ज्यांची हवी तेवढी दखल घेतली गेली नाही, असे रॅपर आणि प्रोड्युसर कोण?

माझं पहिलं नाव हंड्रेड आरबीएच, म्हणजे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. शंभराला हिंदीत 'सौ', पुढे आरबीएच, झालं सौरभ! २०२३ मध्ये 'एमटीव्ही हसल' या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात तो दिसला, पण आमच्या नागपुरातही कित्येकांना तो आपल्या विदर्भाचा आहे हे माहीत नसतं. जातीबद्दल तो आडपडदा न ठेवता बोलतो. दीक्षाभूमीच्या गर्दीत उभं राहून भीमगीतं ऐकत मोठं झालेल्या माणसाला ती धार लगेच ओळखू येते.

प्रोड्युसरांत बॅमबॉय. मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप गटाचं नाव निघालं की लोक रॅपर आठवतात, बीट म्हणजे रॅपमागचं संगीत करणारा हा बॅमबॉय मागेच राहतो. त्याच 'स्वदेसी'नं २०१९ मध्ये मुंबईतलं आरेचं जंगल वाचवण्यासाठी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज रॅपशेजारी उभा केला. हेडफोन लावून ऐका राजेहो, अंगावर काटा येतो.

पुण्याच्या एमसी स्टॅनला 'बिग बॉस'मुळे घराघरांत ओळखतात, पण बरेचसे बीट तो स्वतःच बनवतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आणि आपली वऱ्हाडी! 'मले', 'तुले' म्हटलं की 'आले', 'गेले', 'केले' यमकाला आपसूक हजर. नागपूरच्या फुटाळा तलावावर पोरं मोबाईलवर बीट लावून हेच करतात, तेव्हा प्रमाण मराठीत अडखळणारी ओळ सुसाट पळते. पोरांनो, वऱ्हाडीतच लिहा.