कुकरवरचा शिक्का: सक्ती कशासाठी?

प्रश्न : आठवडी बाजारात आयएसआय शिक्का नसलेला पाच लिटरचा कुकर बराच स्वस्त मिळतो. दिसायला दोन्ही सारखेच. मग सरकारने सक्ती का करावी? ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यावं.

उत्तर : दोन्ही सारखे दिसतात, हीच खरी अडचण आहे. शिट्टी उचलली जाते तेव्हा आतला दाब हवेच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने जास्त असतो. झाकणाचा व्यास २० सेंमी धरला, तर त्याच्यावर तीनशे किलोंहून जास्त रेटा येतो. शिट्टीची नळी तुंबली की तो आणखी वाढतो. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू ठरलेल्या तापमानाला वितळून वाफेला वाट देतो. तो वितळेल की नाही, हे गिऱ्हाइकाला दुकानात उभं राहून कळणं अशक्य आहे. रंग, आकार, हँडल ज्याने त्याने आपल्या पसंतीने निवडावं. पण जे डोळ्यांना दिसत नाही आणि चुकलं तर शेगडीजवळ उभं असलेलं माणूस भाजतं, तिथे सक्तीच हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएस २३४७ हे मानक बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीही यातून सुटत नाही. मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकले गेले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये अॅमेझॉनला १ लाखाचा दंड ठोठावला आणि ते परत घेऊन पैसे देण्याचा आदेश दिला.

नुसता शिक्का पाहून मात्र थांबू नका, नकली शिक्केही असतात. शिक्क्याच्या वर आयएस २३४७ आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. ते कुकरवरच्या नावाशी जुळलं नाही तर घेऊ नका. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न : आमच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उडतो. दुरुस्तीवाला म्हणतो, तिथे साधा बोल्टच बसवून देतो.

उत्तर : कृपा करून बसवू देऊ नका! मग नळी तुंबली तर वाफेला हक्काची वाटच उरणार नाही. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा व्हॉल्व्ह आणा. तो वारंवार उडतो याचा अर्थ एक तर पाणी आटतंय किंवा नळी तुंबतेय. डाळ-तांदूळ फेसाळतात आणि त्यांची सालं नळीत अडकतात, म्हणून ते पाण्यासकट अर्ध्या कुकरपर्यंतच घाला. बाकी पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत चालतील. दर वेळी झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. रिंग कडक झाली किंवा कडेने वाफ जाऊ लागली की बदला. कडेने वाफ गेली की शिट्टी होत नाही, गॅस चालूच राहतो, पाणी आटतं आणि व्हॉल्व्ह पुन्हा उडतो.